सत्तावीस ठिकाणांची एक्सेल आणि बाबांचे गुडघे

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. डिसेंबरमध्ये ५ ते ७ असे तीन दिवस आईबाबांना घेऊन मुंबईला जायचं ठरवलंय, सोबत बायको आणि सात वर्षांची लेक. बाबा रिटायर्ड शिक्षक, वय ६९, गुडघे दुखतात, शुगर आहे, तासाभरानं बाथरूमला जावं लागतं. आई शाकाहारी. बाबा सगळं खातात, पण तिखट नसलं की ताट बाजूला सारतात. मी रील्स बघून बघून २७ ठिकाणांची एक्सेल शीट केलीय. ती दाखवली तर बाबा म्हणाले, मुंबईत खायला काय ठेवलंय, सगळं गोडमिट्ट. आईला फक्त समुद्र आणि सिद्धिविनायक बघायचाय, लेकीला पेंग्विन, बायकोला कुलाब्यात एखाद्या कॅफेत निवांत बसायचंय. कुठं राहू, काय खाऊ, काय बघू? आणि एक, बाबांसमोर विचारता येत नाही म्हणून इथं लिहितो, आम्हा दोघांना एखादी बिअर घ्यायला बरी जागा असेल तर तीपण सांगा."

अरे बाबा, सगळ्यात आधी ती तारीख बदल. ६ डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, चैत्यभूमीवर अभिवादनाला राज्यभरातनं लाखो लोक येतात, दादर आणि शिवाजी पार्कचा सगळा भाग त्या दोन-तीन दिवसांत गच्च असतो, रस्ते वळवलेले, लॉज फुल. अभिवादनाला जायचं असेल तर प्रश्नच नाही, जरूर जा, पण मग त्या दिवशी खाण्याफिरण्याचा दुसरा प्लॅन ठेवूच नकोस. नुसतंच फिरायला जाणार असशील तर एक आठवडा पुढं ढकल, थंडी तेव्हाही तेवढीच असते, म्हणजे मुंबईत नसतेच.

आता तुझी एक्सेल. वाचली मी पूर्ण. त्यात सकाळी दादर, अकराला कुलाबा, दुपारी माटुंगा, चारला गिरगाव आणि रात्री परत दादर असा एक दिवस आहे, हे वाचूनच माझे गुडघे दुखायला लागले, तुझ्या बाबांचं काय होईल. मी दादरला बारा वर्षं नोकरीसाठी राहिले आणि सांगलीहून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवण्यात निम्मे रविवार घालवले, त्यातनं शिकले ते एवढंच की पाच माणसांची वरात सगळीकडे घेऊन फिरायची नाही. अर्ध्या दिवसाला एक भाग धरायचा, आणि मधेमधे दोन-तीन तास खुशाल फुटायचं, दोघं इकडे तिघं तिकडे. तुझ्या घरात पाच जणांच्या पाच आवडी आहेत, सगळ्यांनी सगळंच बघायचं म्हटलं की कुणालाच काही बघायला मिळत नाही आणि संध्याकाळी लॉजवर सगळे गप्प.

राहायचं दादरला, पश्चिमेला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री सांगलीतनं बसलात की ती सकाळी दादरलाही थांबते, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत मागं यायची गरज नाही. शिवाय आता मेट्रो ३ आहे, ऑक्टोबर २०२५ पासनं आरे ते कफ परेड पूर्ण चालू झालीय, आणि तिच्या रस्त्यात दादर, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी अशी तुझ्या कामाची सगळी स्टेशनं आहेत. लिफ्ट आहे, एसी आहे, स्टेशनात बाथरूम आहे. बाबांना लोकलमध्ये चढवायचा हट्ट करू नकोस. लेकीला लोकल बघायचीच असेल तर दुपारी बारा ते चारच्या मधे दोन स्टेशनं फिरवून आण आणि रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेव. अजून एक, रिक्षा शोधत बसू नकोस, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला शहरात रिक्षा चालतच नाही, टॅक्सी किंवा बस. सांगलीची माणसं दादरला उतरून दहा मिनिटं रिक्षाला हात करत उभी असतात, मी बघितलीयत, आणि पहिल्या वेळी मी पण केलाय.

सकाळचा नाश्ता. इथं मी तुला एक स्पष्ट सांगते, बाबांना मुंबईत मिसळ खायला नेऊ नकोस. तुझ्या यादीत चार मिसळी आहेत, चारही काट. आस्वादची मिसळ २०१५ साली लंडनच्या फूडी हब अवॉर्ड्समध्ये जगातली सगळ्यात चविष्ट शाकाहारी डिश ठरली होती, हे खरं आहे आणि मिसळ चांगलीच आहे, मी कितीतरी वेळा खाल्लीय. पण ती दादरच्या माणसाच्या जिभेची मिसळ आहे. आपल्याकडं कटाचं भांडं वेगळं येतं, वर बोटभर तर्री, पहिल्या घासाला ठसका लागला नाही तर माणूस मालकाकडं बघतो. त्या जिभेला दादरची मिसळ म्हणजे उसळ वाटते. मी माझ्या सासऱ्यांना एकदा शनिवारी अशाच एका गाजलेल्या ठिकाणी नेलं होतं, नाव सांगत नाही, सव्वा तास फुटपाथवर उभं राहून नंबर लागला, त्यांनी दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "आमटी बरी आहे, मिसळ कधी येणार?" ती गोष्ट आमच्याकडं अजून प्रत्येक लग्नात निघते.

म्हणून बाहेरगावी गेल्यावर आपल्या गावात जे मिळत नाही ते खायचं. आस्वादला जाच, सेनाभवनासमोर आहे, पण थालीपीठ, कोथिंबीर वडी असलं काहीतरी घ्या आणि आठ-साडेआठच्या आत पोचा. तिथनं जवळच प्रकाश आहे, त्याचा साबुदाणा वडा आईला खाऊ घाल. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ आणि गरम वाफ, फोडताना बोट भाजतं. त्याच्याबरोबर पियूष. पियूष आपल्याकडं फारसं कुणी पीत नाही, श्रीखंड आणि ताक घुसळून पातळ केल्यासारखं लागतं, केशर-वेलचीचं, दाट. पण ते चांगलंच गोड असतं तेव्हा बाबांना एक पूर्ण ग्लास देऊ नकोस, एकात दोघी-तिघं घ्या आणि त्यांना दोन घोट. 'गोडमिट्ट' म्हणतील, म्हणू देत, तिथं ते बरोबरच आहेत.

त्यांच्या तिखटाची सोय वडापावात आहे. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजजवळ अशोकचा वडापाव आहे, तिथं वड्याबरोबर चुरा घालतात, म्हणजे बेसनाच्या तळणीतले ते कुरकुरीत तुकडे, आणि वर लाल सुकी लसणाची चटणी. चटणी जादा मागायची, तळलेली मिरची मागायची, आणि मग बाबांकडं बघायचं नाही, आपापलं खायचं. वडापाव हा प्रकारच मुळात दादरचा आहे, १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पहिल्यांदा वडा पावात घालून विकला असं सगळीकडे सांगतात. बाबा शिक्षक होते ना, त्यांना असली माहिती घासाबरोबर दिली की घास गोड लागतो, सॉरी, तिखट लागतो. सिद्धिविनायक तिथनं जवळ आहे, मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी लवकर आईला दर्शन, मग वडापाव, मग शिवाजी पार्कच्या मागं समुद्र. आईचं काम एका सकाळीत झालं.

मासे. इथं फुटायचं. दुपारी बायकोनं आईला आणि लेकीला घेऊन रानडे रोडला साड्या आणि दादरचं मार्केट बघायला जायचं, जेवायला त्या तिघी कुठंही शाकाहारी बसतील, आणि तू आणि बाबा दादरच्याच एखाद्या मालवणी खानावळीत, सिंधुदुर्ग आहे, गोमंतक आहे, कुठंही चालेल. सांगलीच्या माणसानं मासा म्हटला की कृष्णेचा, काट्याचा. तिथं बोंबील फ्राय मागव. ओला बोंबील इतका पाणीदार असतो की आधी दाबून त्यातलं पाणी काढतात, मग मसाला आणि रवा लावून तव्यावर. वरनं कडक, आत लोण्यासारखा, आणि काटा इतका मऊ की बाबा काटा काढायला बसतील आणि त्यांना तो सापडणारच नाही. मग तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सुरमई, आणि शेवटी सोलकढी. सोलकढी म्हणजे नारळाचं दूध आणि कोकम, साखर नसते, शुगरवाल्याला बिनधास्त. मालवणी मसाला आपल्या कांदा-लसूण मसाल्यासारखा घशाला भिडत नाही, पण वासाला असा की तक्रार करायला वेळ मिळत नाही. आईला त्या वासात बसवू नकोस, बिचारी काही बोलणार नाही आणि जेवणारही नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगाव धर. मेट्रोनं गिरगाव स्टेशन. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो आणि रील्समध्ये सगळ्यात कमी दिसतो. प्रकाश दुग्ध मंदिर, विनय हेल्थ होम ही जुनी मराठी ठिकाणं आहेत, टेबलं छोटी, मेनू छोटा, वेटर काका तुमच्याकडं असे बघतात की ऑर्डर पटकन सुचते. मग पाय मोकळे करत खोताची वाडी. लाकडी जिने, गॅलऱ्या, रंगीत घरं, अर्ध्या तासात बघून होतं. तिथं लोक राहतात हे ध्यानात ठेवा, लेकीला कुणाच्या दारात उभं करून शंभर फोटो काढू नकोस. आणि तिथं जवळच केशवजी नाईक चाळ आहे, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली तिथं बसला. गणपतीच्या गावच्या माणसांनी ती चाळ बघायलाच पाहिजे, आईला सांग, सिद्धिविनायकाचं विसरेल. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर समुद्र आणि भेळ. भेळेत भडंग शोधायची नाही, ती वेगळी भेळ आहे, बारीक शेव, पुरी, चिंचेचं पाणी. मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं, चालायचं नाही. बाबांना तिथं एक तास द्या, कुणीही काही बोलू नका.

माटुंग्याला एक जेवण कर. माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासनंचं, केळीच्या पानावर जेवण, सोमवारी बंद. जिना आहे हे आधीच सांगते, बाबांना हळूहळू चढव. पानावर आधी भाज्या, पुरी, मग भात, सांबार, रसम, मागाल तितकं, ताक. रसम वाटीत मागून घ्यायचं आणि बाबांना नुसतं प्यायला द्यायचं, मिऱ्याचा तिखटपणा आहे, घशात मागनं येतो. माझ्या बघण्यात एकही सांगलीकर नाही ज्यानं तिथं दुसरी वाटी मागितली नाही. नाश्त्याला जायचं असेल तर कॅफे मद्रास किंवा राम आश्रय, पण वीकेंडला रांग असते, बाबांसोबत रांगेचं कुठलंही ठिकाण नको, मग ते कितीही फेमस असू दे.

आता फोर्ट आणि कुलाबा, हा तिसरा दिवस, आणि सामान घेऊनच निघा कारण रात्री सीएसएमटीवरनंच परतीची महालक्ष्मी आहे. सामान स्टेशनच्या क्लोकरूमला टाका. स्टेशनची इमारत रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूनं बघायची. १८७८ ला काम सुरू, दहा वर्षं चाललं, आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, आणि २००४ पासनं स्टेशन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथनं पाच मिनिटांवर पंचम पुरीवाला, पुरीभाजी, गर्दी असते पण भराभर हलते.

इराणी हॉटेल राहिलं. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी, १९०४ चं. हे मात्र पाचही जणांनी एकत्र जायचं ठिकाण. गोल पाठीच्या जुन्या लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. ब्रुन मस्का मागवायचा, ब्रुन म्हणजे कडक पाव, वरनं टणक, त्याचे तुकडे करून मस्का लावून देतात. चहात बुडवायचा आणि मोजून तीन सेकंदांत उचलायचा, जास्त ठेवला तर लोणी चहावर तरंगतं आणि पाव खाली जातो, आधी काढला तर दात दुखतात. तुझी लेक हा खेळ अर्धा तास खेळेल. चहा आधीच गोड असतो, बाबांचा अर्धा तुझ्या कपात ओत. मावा केक बांधून घ्यायचा, परतीच्या गाडीसाठी. ब्रिटानियाचा बेरी पुलावही तुझ्या यादीत आहे, बॅलार्ड इस्टेटला, १९२३ चं हॉटेल, ते फक्त दुपारच्या जेवणाला उघडं असतं, एकाच दुपारी दोन जेवणं होत नाहीत तेव्हा ते पुढच्या वेळेला.

पेंग्विन राणीच्या बागेत, भायखळ्याला, बुधवारी बंद. त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, छोटं, आत सावली आणि बसायला जागा, तेही बुधवारी बंद. लेक आणि तू पेंग्विन बघा, बाबा संग्रहालयात जुन्या मुंबईची छोटी छोटी मॉडेल्स बघत रमतील. एलिफंटा काढून टाक. बोटीतनं उतरून एवढ्या पायऱ्या चढायच्या, गुडघ्यांचा विचार कर, शिवाय सोमवारी बंद. गेटवे बाहेरनं बघा, पुरे.

आणि तुझा शेवटचा, हळू आवाजातला प्रश्न. कुलाब्यात कॉजवेवर मोंडेगार आहे, भिंतींवर मारिओ मिरांडाची चित्रं, दुपारी गेलात तर निवांत, बायकोचा कॅफेही झाला आणि तुझी बिअरही, एका दगडात. लिओपोल्डही तिथंच, १८७१ पासनंचं, पण तिथं टुरिस्टांची गर्दी जास्त. तेवढ्या वेळात आईबाबा आणि लेक कुठं? शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, चालत दहा मिनिटांवर, तीन तास सहज जातात, एसी आहे, बाथरूम आहे, कॅन्टीन आहे. बाबांना सांग, "आम्ही दोघं कॉजवेवर खरेदी करून येतो." आणि येताना खरंच एखादी पिशवी हातात असू दे, शिक्षकाला रिकामा हात लगेच दिसतो.

संध्याकाळी गाडीच्या आधी क्रॉफर्ड मार्केट. १८६९ चं बांधकाम, आताचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं, हे बाबा तुलाच सांगतील, तू पहिल्यांदा ऐकल्यासारखं कर. समोर बादशाह, १९०५ पासनंचं, फालुदा. लेकीला आणि बायकोला. बाबांनी मागितला तर? एक चमचा, तीन दिवसांची शिक्षा पुरे झाली.

नाटकाचं लिहायचं राहिलंच. दादरला शिवाजी मंदिर आहे, पहिल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी कुठलंही बरं नाटक लागलेलं बघ आणि चार तिकिटं काढ, बायकोला विचारून पाच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीतच सीतास्वयंवर केलं तिथनं मराठी रंगभूमी मोजतात, त्या गावच्या माणसाला दादरला नेऊन नाटक न दाखवता परत आणणं बरं दिसत नाही. दोन तास बसायला मिळतं, मध्यंतरात बाथरूम होतं, आणि मध्यंतरातला बटाटेवडा. तो कुठल्याच यादीत नसतो.

तर तुझी एक्सेल उघड आणि सत्तावीसमधल्या अठरा ओळी डिलीट मार. सामानात भडंगाचे दोन पुडे घे, एक महालक्ष्मीत कऱ्हाड यायच्या आत संपतो आणि दुसरा तिसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर बाबा तुला न सांगता उघडतात. कांदा आणि चार मिरच्या पण टाक.